शब्दाला पाचशे

खारकोंडात शब्दाचा भाव पाचशे रुपये होता. पेणच्या बाजारात जिताडा मासा महाग होतो, स्वस्त होतो, पण हा भाव अडीच वर्षं जागचा हलला नाही. आणि तोही एकाच बाईपुरता. पुतळीबाय म्हात्रेशी जो कोणी बोलेल, त्यानं शब्दामागं पाचशे रुपये गावकीत आणून भरायचे. बाकी गावात एकमेकांशी बोलणं फुकट होतं. ते ऐकल्यावर ते फुकट का ठेवलंय हे कळतं, असं पुतळीबायचं मत.

सुरुवात झाली दोन शब्दांवरून. खारकोंडची गावकी देवळाच्या मंडपात भरते. पंच गादीवर, पुरुष सतरंजीवर, बायका बाहेर पायरीवर. बायकांनी ऐकायचं, हसायचं नाही, खोकला आला तर घरी जायचं. त्या दिवशी अध्यक्ष कमळाकर पाटलानं माइक हातात घेऊन जाहीर केलं, की देवळामागचं गावतळं मासे सोडायला दहा वर्षं एका होतकरू माणसाला द्यायचं ठरलं आहे. होतकरू माणूस कोण ते त्यानं सांगितलं नाही. पण त्याचा जावई पहिल्या रांगेत नवा शर्ट घालून बसला होता, आणि होतकरू दिसण्याच्या कष्टानंच त्याला घाम फुटला होता. गाव गप्प बसलं. तेव्हा पायरीवरून पुतळीबाय म्हणाली, "जावयालाच का?"

माइक चालू होता. त्यानं ते दोन शब्द उचलले आणि देवळावरच्या भोंग्यानं ते खाडीपार नेऊन पोचवले. मिठागरावरचे बगळे उठले ते तिसऱ्या दिवशी परत आले, असं सांगणारे आहेत.

कमळाकरला गावात 'शेट' म्हणत. शेट म्हटलं नाही तर तो ओळख देत नसे, म्हणून म्हणत. पुतळीबाय मात्र त्याला कमळाकरच म्हणायची, कारण ती लग्न होऊन गावात आली तेव्हा हा नाक पुसायला शिकत होता, आणि तेही नीट शिकला नव्हता. बाईनं गावकीत तोंड उघडलं म्हणून पंचांनी तिला देवासमोर नाक घासायला सांगितलं. ती म्हणाली, "देवासमोर घासते. पण गादीवर तुम्ही बसलाव, देव मागं पार दिसंनासा झालाय. आधी बाजूला सरा." झालं, वाळीत.

आधी ठरलं होतं की जो बोलेल त्याला सरसकट पाच हजार. पण कमळाकरचं डोकं चाललं. तो म्हणाला, एकदा पाच हजार भरले की माणूस दिवसभर बोलून घेईल, दंड वसूल करून घेईल. म्हणून शब्दावर भाव लावा. सरकारनं तार खातं बंद केलं, ते असं खारकोंडात पुन्हा सुरू झालं. या शक्कलेचा कमळाकरला इतका अभिमान वाटला, की पुढं महिनाभर तो स्वतःच्या बोलण्यातले शब्दही बोटांवर मोजायचा.

नियम गावापुरता नव्हता, जिथं जाल तिथं होता. जिते स्टेशनावर सखा धापा टाकत आला. फलाटावर पुतळीबाय एकटीच उभी. सखा सवयीनं बोलून गेला, "काकी, गाडी गेली काय?" चार शब्द, मागून आलेल्या पंचानं मोजले. दोन हजार. गाडी गेली ती वेगळीच.

पुतळीबाय या सगळ्यांच्या नावानं थुंकायची. घरी बसून गणपती रंगवायचं काम तिला होतं. हमरापूरच्या कारखान्यातून टेम्पो यायचा, कच्च्या मूर्ती उतरवायचा, डोळ्यांची आखणी करून झाली की घेऊन जायचा. टेम्पोवाला परगावचा, तो फुकटात बोलायचा. गावातली माणसं बोलली नाहीत तर तिचं काय अडत होतं? अर्ध्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास, उरलेल्यांच्या तोंडात कमळाकर सांगेल ते. पण या सगळ्यात एक बायजा होती.

बायजाचं घर समोरचं. दोघी एकाच वर्षी सुना होऊन आल्या. मधला बोळ एवढा अरुंद, की इकडं फोडणी पडली की ठसका तिकडं लागायचा. अडतीस वर्षं दोघींच्या दुपारी एकमेकींच्या पडवीत गेल्या. दोघींचे नवरे एकाच मिठागरावर होते आणि एका वर्षाच्या अंतरानं गेले. तेव्हाही बायजा समोर बसून बोलत होती, आणि पुतळीबायला वाटलं होतं की ही बोलते आहे तोवर आपण काही मरत नाही. आता नियम असा, आणि बायजा एका श्वासात चाळीस शब्द बोलणारी. वीस हजारांचा एक श्वास! तिचा मुलगा कंपनीत शिफ्टवर जाणारा, त्याचा पगार बायजाच्या एका दुपारला पुरला नसता.

पण बायजा काही कमी नव्हती. तिनं एक कोंबडी पाळली. दुपारी दारात बसायचं, कोंबडी मांडीवर घ्यायची आणि मोठ्यानं सांगायचं, "कोंबडे, ऐकलंस काय गो? माझ्या सुनेला मुलगी झाली. नाक अगदी आमच्या घरचं. आणि त्या कमळाकरच्या बायकोनं बारशाला काय आणलं ठाव हाय? स्टीलचा चमचा! एक!" समोरच्या पडवीत पुतळीबाय ब्रश थांबवून ऐकायची आणि हसू आलं की रंगाच्या डब्यावर टकटक करायची. कोंबडी लठ्ठ झाली. गावात इतक्या बातम्या कळणारी दुसरी कोंबडी नव्हती.

मग कोणीतरी तक्रार केली. गावकीत तीन तास चर्चा झाली. कोंबडीशी बोललेला शब्द पुतळीबायच्या कानात गेला तर तो कोणाच्या खाती धरायचा? एक पंच म्हणाला, निम्मे पैसे घ्या. शेवटी ठरलं, की कोंबडीशी बोलायचं असेल तर घरात जाऊन दार लावून बोलावं. कोंबडीलाही मंडपात आणून समज देण्यात आली. त्या दिवसापासून दुपार झाली की समोरचं दार लागल्याचा आवाज तेवढा पुतळीबायला ऐकू यायचा.

तो आवाज तिला सोसेना. बाकी सगळं सोसलं, हे नाही.

लेक प्रतिक्षा रोह्याला दिलेली. ती फोनवर म्हणाली, "आई, ये माझ्याकडं ऱ्हायला. काय ठेवलंय त्या मुक्या गावात?"

"रोह्यात बायजा हाय काय?"

"तिथं तरी बोलते काय बायजाकाकी?"

"म्हणून तर इथंच ऱ्हायचं हाय."

प्रतिक्षानं मग तिला रोह्याच्या शाझिया मुकादम वकिलीणबाईंकडं नेलं. शाझिया तिशीची, दोन्ही भाऊ कुवेतला, ही बापाच्या जुन्या दुकानावर माडी चढवून वकिली करायची. तिनं सगळं ऐकून घेतलं. कोंबडीपाशी आल्यावर तिनं पेन खाली ठेवलं आणि पदरानं तोंड झाकलं.

"काकी, हा तुमचा नागरी हक्क आहे. असा बहिष्कार टाकणं बेकायदा आहे. दावा लावू. भरपाई किती मागू?"

"भरपाई नको. कमळाकरनं देवळातल्या माइकवरून सांगितलं ना, बोलू नका? त्याच माइकवरून, त्याच तोंडानं सांगितलं पायजे, बोला."

"कोर्ट ठराव बेकायदा ठरवील काकी. त्याच्या तोंडातून वदवून नाही घेणार."

"मग ठरवायचं ते कोर्ट ठरवू दे," पुतळीबाय म्हणाली. "तोंडाचं मी बघते."

पेणच्या कोर्टात दावा लागला. पाच पंच प्रतिवादी, कमळाकर क्रमांक एक. पहिला नंबर आपला आला म्हणून त्याला आधी बरंच वाटलं होतं.

पंचांनी रामवाडीचा रितेश वकील धरला. हा वकील दाव्याला उत्तर म्हणून देत नसे. कैफियत द्यायची म्हणजे काय झालं ते सांगावं लागतं, आणि काय झालं ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यापेक्षा आधी अर्ज करायचा, की हा दावा चालूच शकत नाही. अर्ज जिंकला तर त्याची फी, हरला तर पुढच्या अर्जाची फी. ज्या खारजमिनीत भाताची दोन पिकं येत नाहीत तिथं या माणसानं अर्जांची तीन पिकं काढली.

पहिला अर्ज, की हा गावकीचा घरगुती मामला, कोर्टाला अधिकारच नाही. आठ महिने तारखा पडल्या. पाच पंच पांढरे कपडे करून रिक्षानं पेणला जायचे आणि कोर्टाच्या बाकावर एकमेकांच्या खांद्यावर झोपायचे. कोर्टानं अर्ज फेटाळला आणि वादीला दोन हजार खर्च द्या म्हणून सांगितलं. रितेश वकिलानं बाहेर येऊन पंचांना समजावलं, "फक्त दोनच हजार लावले. याचा अर्थ कळला का? बाजू आपली भक्कम आहे." पंचांनी माना हलवल्या. पैसे काही दिले नाहीत, मुदत मागितली.

दुसरा अर्ज, की दाव्याला कारणच घडलेलं नाही. न बोलणं ही काही कृती नव्हे. जे कोणी केलंच नाही त्याबद्दल दावा कसा लागेल? हे वाक्य कमळाकरला एवढं आवडलं की तो ते साखरपुड्यातसुद्धा म्हणून दाखवू लागला. कोर्टाला आवडलं नाही. पाच हजार.

"आता कोर्ट आपल्याला घाबरलंय," रितेश वकील म्हणाला. "म्हणून रक्कम वाढवतंय."

पुतळीबाय कोर्टात मागच्या बाकावर बसायची आणि या पाच जणांकडं, बाजारातली नासकी मासळी बघावी तशी बघायची. "शाझिया," ती एकदा म्हणाली, "हे हरतात तर यांची मान खाली का जात नाय गो?"

"हरल्याचं त्यांना इंग्रजीतून कळतं ना काकी, वकील मराठीत सांगेपर्यंत ते जिंकलेले असतात."

तिसरा अर्ज सगळ्यांवर कडी. त्यात म्हटलं, की पुतळीबायशी सबंध गाव बोलत नाही, तर चारशे बारा गावकऱ्यांना प्रतिवादी करा. आणि ठराव ग्रामदेवासमोर झाला, तर देवालाही करा. नोटीस देवळाच्या पत्त्यावर पाठवा. याच अर्जाला कमळाकरचं प्रतिज्ञापत्र टाचलेलं, की गावात कसलाही बहिष्कार नाही. वादी मला सख्ख्या बहिणीसारखी, आमचं रोज बोलणं होतं. पुढच्या पानावर ठराव होता, मागच्या पानावर नव्हता. मधे फक्त टाचणी.

न्यायाधीशांनी दोन्ही पानं वाचली. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"प्रतिवादी क्रमांक एक वादीशी रोज बोलतात?"

"रोज, साहेब," रितेश वकील छातीवर हात ठेवून म्हणाला.

"घर किती लांब?"

"चार घरं सोडून, साहेब. एका हाकेवर."

"मग काहीच अडचण नाही," न्यायाधीश म्हणाले, आणि त्यांनी आदेश सांगायला सुरुवात केली. अर्ज नामंजूर. खर्च दहा हजार. मागचे दोन खर्च थकलेले, ते धरून सतरा. ही रक्कम प्रतिवादी क्रमांक एकनं स्वतः वादीच्या घरी जाऊन तिच्या हाती द्यावी, तिच्या हातची पावती घ्यावी आणि सोमवारी ती कोर्टात हजर करावी. पावती नसेल तर कैफियतीचा हक्क गेला असं समजून दावा पुढं चालेल. "रोजच बोलणं होतं म्हणता," ते म्हणाले, "जाता जाता होऊन जाईल."

शाझियानं वही तोंडासमोर धरली. कमळाकरला काय झालं ते कळायला एसटी स्टँडपर्यंतचा वेळ लागला. तिथं तो एकदम थांबला, आणि त्याच्यामागं येणारे चार पंच एकावर एक आदळले.

रविवारी सकाळी गावकी भरली. पुतळीबाय पडवीत मूर्ती घेऊन बसली होती. कमळाकरला माइकशिवाय बोलता येत नसे, त्यामुळं सभा तिच्या घरात भरल्यासारखीच ऐकू येत होती.

"कोर्टाच्या कामापुरतं," भोंगा म्हणाला, "अध्यक्षांना नियमातून सूट देण्यात यावी."

मग खरखर झाली. कोणीतरी माइक ओढला असावा. "मग माझे दोन हजार परत द्या," हा सखाचा आवाज. "मी काय तिला गोष्ट सांगत होतो? मी पण गाडीच्या कामापुरतंच बोललो."

"माझे पंधराशे!" दुसरं कोणीतरी ओरडलं. "म्हस शेतात शिरली म्हणून सांगितलं होतं!"

"माझ्या सासूचे साडेचार हजार! ती म्हातारी झोपेत बोलली होती!"

पुतळीबायनं मूर्ती खाली ठेवली. गावातल्या इतक्या माणसांनी आपल्यासाठी दंड भरलाय हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच रागही आला. भरायचेच होते तर जरा बरं काहीतरी बोलून भरायचे.

पैसे परत द्यायला गावकीत पैसे होतेच कुठं? सगळा दंड रितेश वकिलाच्या अर्जांत विरघळला होता. सूट मागं घेण्यात आली. "ठीक," भोंगा जरा वेळानं म्हणाला, "मी बोलणारच नाही. देणार आणि येणार. मुक्यानं व्यवहार होत नाहीत काय?" आणि टाळ्या वाजल्या. अशा बोलण्यावर टाळ्या वाजवणारं गाव रायगड जिल्ह्यात दुसरं नसेल.

अकरा वाजता मिरवणूक निघाली. पुढं कमळाकर, हातात पाकीट, मागं चार पंच, आणि त्यांच्या मागं सगळं गाव, कारण सिनेमा बघायला पेणला जावं लागतं आणि हा दारात आला होता. बायजाच्या घराचं दार उघडलं. बायजा उंबऱ्यावर येऊन बसली. तिच्या शेजारी सखा, हातात दंडाची वही. ही वही आजवर त्याच्याविरुद्ध वापरलेली, आज त्यानं मागून घेतली होती.

पुतळीबाय एका मूर्तीचा डावा डोळा आखत होती. कमळाकर अंगणात आला, पडवीच्या कडेशी उभा राहिला आणि पाकीट पुढं केलं. ती डोळा आखत राहिली. आखणीत अर्ध्यावर हात उचलता येत नाही, नाहीतर देवाची नजर फुटते. गावातल्या लहान पोरालाही हे ठाऊक. ऊन डोक्यावर आलं. कमळाकर खाकरला.

"सखा," समोरून बायजा म्हणाली, "खाकरलेलं शब्दात धरायचं काय रे?"

"नियमात नाय तसं," सखा म्हणाला. "यावेळी सोडून देऊ."

डोळा झाला. पुतळीबायनं ब्रश पाण्यात घातला, वर बघितलं. शाझियाचं तिला रोह्याहून फोनवर सांगणं होतं, की कोण देतो, कशाबद्दल देतो, ते देणाऱ्याच्या तोंडून ऐकून मगच पावती लिहा.

"कोण आपण?" ती म्हणाली.

कमळाकरनं छातीवर बोट आपटलं.

"छातीत दुखतंय? मग डॉक्टरकडं जा. इथं गणपती मिळतात."

मागं गावात हसू फुटलं आणि दाबलं गेलं. कमळाकरनं पाकीट हलवून दाखवलं, मग हवेत लिहून दाखवलं, मग दोन्ही हात जोडले. पुतळीबाय त्याच्याकडं, एखाद्या खेळवाल्याकडं बघावं तशी बघत राहिली. पंचांपैकी एकानं पुढं होऊन त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. कमळाकरनं घाम पुसला. शेवटी त्याचं तोंड उघडलं.

"कमळाकर."

"एक," बायजा म्हणाली.

"कंचा कमळाकर? गावात तीन हायत. एक बिचारा बरा माणूस हाय."

"पाटील."

"दोन. सखा, लिवतोस ना रे?"

"आणि हे कसले पैसे?" पुतळीबायनं विचारलं.

"कोर्टाचे."

"तीन."

"कोर्टाचे हायत तर कोर्टात नेऊन दे. माझ्या दारात कशाला आणलेस?"

कमळाकर फुटला. अडीच वर्षं साठलेलं, सकाळपासून दाबलेलं, सगळं एकदम बाहेर आलं. "अगो बये, तुझ्याच खर्चाचे पैसे हायत हे, तीन अर्ज फेटाळले त्याचे, सतरा हजार, गप घे आणि पावती दे मला!"

बायजाची बोटं भराभर चालली होती.

"बावीस," ती म्हणाली.

"अकरा हजार," सखा म्हणाला आणि पेनची टोपी लावायला गेला.

"थांब रे सखा," पुतळीबाय म्हणाली. तिनं मान तिरकी केली. "कमळाकर, मी चौथी शिकलेली बाई. फेटाळले म्हणजे काय रे? पावतीत नीट लिवायला पायजे."

"हरलो!" कमळाकर ओरडला.

"तेवीस," बायजा म्हणाली. "साडेअकरा हजार."

आता पुतळीबायनं पाकीट घेतलं. थुंकी न लावता सावकाश पैसे मोजले, आपली वही ओढली आणि गोल अक्षरात पावती लिहिली. कमळाकर पाटील हा स्वतः माझ्या घरी आला, तीन अर्ज हरला त्याच्या खर्चाचे सतरा हजार रुपये मला हातात मिळाले, तक्रार नाही. खाली सही. कोर्टाच्या कामात तिनं एक अक्षर कमी केलं नाही की जास्त केलं नाही. पावती कमळाकरच्या हातात देऊन ती म्हणाली, "जपून ने. आणि दावा मी मागं घेणार नाय. उद्या पेणला येते मी."

कमळाकर वळला. पण त्याच्यासमोर सखा वही घेऊन उभा.

"शेट, साडेअकरा."

"कसले?"

"शब्दांचे."

"मला?" कमळाकर म्हणाला. "मी अध्यक्ष. नियम मी केला."

"म्हणूनच तुला पाठ असंल," म्हशीवाला मागून म्हणाला. साडेचार हजारवाली सून पदर खोचून पुढं आली. कोणी त्याला अडवलं नाही, पण गर्दीतून बाहेर जायला वाट उरली नाही. कमळाकरनं पंचांकडं बघितलं. चारही पंच बायजाच्या छपराचं काम कसं केलंय ते बघत होते.

तो मनातल्या मनात हिशेब करायला लागला, आणि ते सगळ्यांना दिसत होतं, कारण हिशेब करताना त्याचे ओठ हलतात. नियम ठेवावा तर साडेअकरा हजार आत्ता. नियम मोडावा तर काही नाही. गावाची रीत, पंचांची शान, देवासमोरचा ठराव, तिन्ही अर्ज, सगळं एका पारड्यात, आणि साडेअकरा हजार दुसऱ्यात. पारडं खाली यायला क्षणही लागला नाही.

"नाय नियम!" तो म्हणाला. "संपला! जा!"

"असा नाय संपत," सखा म्हणाला. "माइकवर झालेलं माइकवरच मोडतं. हे पण तूच ठरवलंस."

आणि कमळाकर पाटील, खारकोंड गावकीचा अध्यक्ष, स्वतःच्या पायांनी देवळात चालत गेला. पुतळीबाय अंगणात उभी राहून ऐकत होती. भोंगा आधी शिट्टी वाजवून किंचाळला, मग म्हणाला, "पुतळीबाय म्हात्रेशी ज्याला बोलायचं हाय त्यानं बोलावं. पैसे नाय." मग जरा थांबून, "कोणालाच नाय."

खाडीवरचं वारं आलं आणि ते शब्द गावावरून घेऊन गेलं.

अंगणात शंभरेक माणसं उभी होती. सगळी मोकळी. आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. पाचशेचा भाव होता तेव्हा प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यापाशी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. फुकट झाल्यावर कोणालाच काही सुचेना. सखानं डोकं खाजवलं. "काकी," तो म्हणाला, "ऊन फार हाय."

"हाय," पुतळीबाय म्हणाली.

माणसं हळूहळू पांगली. तिच्याकडं बघायचं टाळत, पायाखालची माती बघत. पुतळीबायनं त्यांच्या पाठींकडं बघितलं आणि ब्रश धुवायला घेतला. समोर बायजा अजून उंबऱ्यावर बसून होती. पुतळीबायनं धुतलेला ब्रश पुन्हा पाण्यात घातला. कोर्टात एवढं भांडलो ते याचसाठी, आणि हिलाही काही सुचत नसेल तर?

बायजा उठली. बोळ ओलांडून आली. पडवीच्या कडेला, कायम बसायची तिथंच बसली, नाक ओढलं आणि म्हणाली, "माझा चकलीचा सोऱ्या तुझ्याकडं हाय."

"माझ्याकडं नाय तुझा सोऱ्या."

"पितळेचा. तीन दिवाळ्यांमागं नेलास. दोन दिवाळ्या मी चकल्या केल्या नाय."

"मला माझा सोऱ्या हाय. तुझा कशाला नेऊ?"

"तुझ्या सोऱ्याची चकती मोडली होती म्हणून नेलास, मला काय आठवत नाय? त्या दिवशी तू निळं लुगडं नेसली होतीस आणि प्रतिक्षाचा नवरा आला होता, आणि तो म्हणाला चकली तिखट हाय, आणि तू म्हणालीस..."

"मी काय नाय म्हणाले."

"म्हणालीस!"

"नाय!"

आवाज चढत गेला. पार तळ्यापर्यंत ऐकू जात होता. पुतळीबायनं ब्रश टाकून दिला आणि कंबरेवर हात ठेवले. सोऱ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागं होता. तिला पक्कं ठाऊक होतं. आणून दिला असता तर भांडण तिथंच मिटलं असतं, आणि बायजा सोऱ्या घेऊन घरी गेली असती.

"घर तपास माझं," पुतळीबाय म्हणाली. "पण आधी चहा टाकते. बस तिथं, हलू नको."